आज्ञांचे ठोकळे आणि लहान मुलें

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत गेल्या कांहीं वर्षांपासून एक नवी चिंता शिरली आहे. मूल पांच वर्षांचें झालें, अक्षरें गिरवूं लागलें, कीं त्याला ‘कोडिंग’ शिकवावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न आईबापांपुढें उभा राहतो. शेजारचा मुलगा वर्गाला जाऊं लागलेला असतो, जाहिराती रोज नवीं आश्वासनें देत असतात, आणि आपलें मूल मागें पडेल कीं काय ह्या धास्तीनें पैसे भरले जातात. उलट कांहीं घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतात कीं, आधींच मुलांच्या हातून मोबाइल सुटत नाहीं, त्यांत हें आणखी एक निमित्त कशाला? दोन्ही पक्ष मुलांचें हितच चिंतितात. परंतु ज्या वस्तूविषयीं हा वाद चालतो ती प्रत्यक्ष कशी आहे, ती कोणीं व कशासाठीं निर्माण केली, आणि तिच्यापासून मुलाच्या पदरांत काय पडतें, ह्याचा विचार फारसा होत नाहीं. प्रस्तुत भाषणाचा हेतु तेवढाच आहे.

संगणक म्हणजे आपल्या गोष्टींतल्या सांगकाम्याचा सख्खा भाऊ होय. त्याला जें सांगावें तेंच, तेवढेंच आणि त्याच क्रमानें तो करतो. सांगणाऱ्याच्या मनांत काय होतें हें तो ओळखीत नाहीं, आणि सांगण्यांत कांहीं राहून गेलें तर पदरचें घालून तें पुरेंही करीत नाहीं. माणसाला ‘चहा कर’ म्हटलें कीं भांडें घेणें, पाणी मोजणें, शेगडी पेटविणें हें सर्व तो समजून करतो. सांगकाम्याला मात्र प्रत्येक पायरी वेगळी सांगावी लागते. पाणी घालण्याची आज्ञा विसरली तर तो रिकामें भांडें तापवीत बसतो. अशा नोकराकडून काम करवून घेण्यासाठीं आज्ञांची जी क्रमवार मांडणी करावयाची, तिला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात, आणि ती मांडण्याच्या कलेला प्रोग्रॅमिंग. ‘कोडिंग’ हें त्याचेंच सध्यां रूढ झालेलें नांव.

लहान मुलांनीं ही मांडणी करावी, ही कल्पना आजकालची नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत १९२८ सालीं जन्मलेले गणितज्ञ सेमूर पापर्ट हे तिचे आद्य पुरस्कर्ते. मुलांच्या बुद्धीची वाढ कशी होते याचा शोध घेणारे जाँ पियाजे यांच्यासमवेत त्यांनीं जिनीव्हा येथें कांहीं वर्षें काम केलें, आणि १९६३ मध्यें ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम. आय. टी., ह्या संस्थेंत आले. मूल ज्ञान बाहेरून भरून घेत नाहीं, तें अनुभवांतून स्वतः रचतें, हा पियाजे यांचा सिद्धांत. पापर्ट यांनीं त्याला अशी जोड दिली कीं, चारचौघांना दाखवितां येईल अशी एखादी वस्तु मूल स्वतः घडवीत असतांना ही रचना विशेष चांगली होते. १९६७ सालीं वॉलेस फर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि पापर्ट यांनीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ ह्या कंपनींत मुलांसाठीं ‘लोगो’ नांवाची संगणकभाषा तयार केली.

लोगोचें पुढें फार प्रसिद्धीस आलेलें अंग म्हणजे तिचें कांसव. आरंभीचें कांसव खरोखरीचें यंत्र होतें. जमिनीवर पसरलेल्या कागदावरून तें चाकांनीं फिरे, आणि त्याला लावलेली लेखणी त्याच्या मार्गाची रेघ उमटवी. पुढें तें पडद्यावर आलें आणि एका लहानशा त्रिकोणाच्या रूपानें फिरूं लागलें. ‘पुढें शंभर’, ‘उजवीकडे नव्वद’ अशा अर्थाच्या आज्ञा त्याला द्यावयाच्या. त्याला कोठें कसें वळवावें हें कळेनासें झालें, तर मुलानें उठावें, स्वतःच कांसव व्हावें आणि खोलींत चालून पाहावें, अशी पापर्ट यांची शिकवण होती. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ ह्या ग्रंथांत त्यांनीं शिक्षणक्षेत्रापुढें एक मूलभूत प्रश्न ठेवला. शाळांतून संगणक मुलांकडून प्रश्न सोडवून घेतो, म्हणजे यंत्र मुलाला चालवितें. त्याऐवजीं मुलानें यंत्राला चालवावें असें कां होऊं नये?

मात्र ह्या वाटेंत एक अडसर होता. लोगोच्या आज्ञा टंकून लिहाव्या लागत. एखादें अक्षर चुकलें किंवा दोन शब्दांमधली जागा राहून गेली कीं यंत्र अडून बसे. आठ वर्षांच्या मुलाचा विचार बरोबर असला, तरी त्याचें लेखन अजून कच्चें असतें. आणि मराठी घरांतील मुलाला तर परक्या भाषेचें स्पेलिंगही सांभाळावें लागतें. आधीं व्याकरण आणि मग बोलणें, असा हा उलटा क्रम झाला. मातृभाषा कोणतेंही मूल ह्या क्रमानें शिकत नाहीं.

ह्या अडचणीवर जो उपाय निघाला तोच ठोकळ्यांचा. १९९६ च्या सुमारास एम. आय. टी. मध्यें लोगोच्या आज्ञांना ठोकळ्यांचें रूप देण्याचा प्रयोग झाला होता. पुढें २००७ सालीं तेथील मीडिया लॅब ह्या विभागांत मिचेल रेझ्निक व त्यांचे सहकारी यांनीं ‘स्क्रॅच’ नांवाची आज्ञाप्रणाली जगासमोर ठेवली. यांत आज्ञा लिहावयाच्या नसतात. प्रत्येक आज्ञा एका रंगीत ठोकळ्यावर छापलेली असते. पडद्यावरील तो ठोकळा ओढून दुसऱ्याच्या खालीं आणला कीं खांचेंत खांच बसून दोन्ही जोडले जातात. पडद्याच्या एका बाजूस लहानसा रंगमंच असतो व त्यावर प्रथम एक नारिंगी मांजर उभें असतें. ठोकळे जोडून झाले कीं हिरव्या झेंड्यावर बोट ठेवावयाचें. लगेच मांजर आज्ञेबरहुकूम चालूं लागतें.

ह्या ठोकळ्यांचे आकार मोठ्या विचारानें योजिलेले आहेत. आरंभाच्या ठोकळ्याचा माथा गोलसर असतो, म्हणून त्याच्यावर दुसरा कोणताच ठोकळा बसत नाहीं. ‘इतक्या वेळां पुन्हां कर’ ह्या ठोकळ्याला उघड्या जबड्यासारखी खांच असते, आणि ज्या आज्ञा पुन्हां करावयाच्या त्या तिच्यांत ठेवावयाच्या. ‘जर असें असेल तर’ ह्या ठोकळ्यांतील खळगा षट्कोनी असतो. त्यांत खरें कीं खोटें असा निर्णय देणारा षट्कोनी ठोकळाच मावतो. हालचालीचे ठोकळे निळे, रूप पालटण्याचे जांभळे, नियंत्रणाचे नारिंगी, अशी रंगांचीही व्यवस्था आहे. थोडक्यांत, जें व्याकरण पूर्वीं मुलानें पाठ करावयाचें तें आतां ठोकळ्यांच्या कडांनींच सांभाळलें आहे.

परंतु ठोकळे व्याकरण सांभाळतात, अर्थ सांभाळत नाहींत. मांजराला उजवीकडे वळविण्याऐवजीं डावीकडे वळविलें, चारदां सांगावयाचें तें पांचदां सांगितलें, तर ठोकळे तक्रार न करतां जुळतात आणि मांजर भलतीकडे जातें. लेखनाच्या किरकोळ चुका गळून जातात आणि विचाराच्या चुका तेवढ्या मुलासमोर राहतात. ह्या युक्तीचें खरें मर्म येथें आहे.

रेझ्निक यांच्या मंडळाचें नांव ‘लाइफलाँग किंडरगार्टन’, म्हणजे आयुष्यभराची बालवाडी, असें आहे. जर्मनींत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं लहान मुलांसाठीं जी संस्था काढली आणि जिला पुढें किंडरगार्टन हें नांव मिळालें, तींत लांकडी गोळे, घन व नळकांडीं मुलांच्या हातीं दिलीं जात. त्यांची मांडामांड करतां करतां संख्या, आकार व प्रमाण यांची ओळख व्हावी हा उद्देश. ही परंपरा महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, तेव्हां परिसरांत सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनीं शिक्षणाचीं साधनें बनविलें. मुलाच्या बुद्धीला हातांतून वाट असते, हें तत्त्व दोन्ही ठिकाणीं एकच. पडद्यावरचा ठोकळा लांकडाचा नसतो, हें उघडच आहे. परंतु लांकडी ठोकळ्याला न साधणारी एक गोष्ट तो करतो. रचना झाली कीं तो चालूं लागतो, आणि रचणाऱ्याचा विचार बरोबर होता कीं नाहीं हें तात्काळ दाखवितो.

एक उदाहरण घेऊं. स्क्रॅचमध्यें लेखणीचेही ठोकळे मिळतात. ते लावले कीं मांजर जेथून जाईल तेथें रेघ उमटते. इयत्ता चौथींतील एखाद्या मुलीला चौरस काढावयाचा आहे. ती ‘१०० पावलें जा’ आणि ‘९० अंश वळ’ हे दोन ठोकळे जोडते व ते चार वेळां पुन्हां करावयास सांगते. चौरस सुरेख उमटतो. आतां तिला समभुज त्रिकोण हवा असतो. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हें तिला कोणीं सांगितलेलें असतें. ती चाराच्या जागीं तीन आणि नव्वदाच्या जागीं साठ घालते व झेंडा दाबते. पडद्यावर त्रिकोण येत नाहीं. तीन रेघा उमटतात खऱ्या, पण त्या एका उघड्या पसरट वाडग्यासारख्या दिसतात, आणि मांजर निघाल्या ठिकाणीं परतच येत नाहीं.

अशा वेळीं घरांतील मोठें माणूस सहसा काय करतें? तें माउस हातांत घेतें, साठाच्या जागीं एकशेंवीस टाकतें आणि ‘झालें बघ’ म्हणून निघून जातें. त्रिकोण मिळतो, पण मुलीच्या हातीं कांहींच लागत नाहीं. त्याऐवजीं फरशीवर खडूनें एक मोठा त्रिकोण काढावा आणि तिला त्याच्या कडेनें चालावयास सांगावें. कोपऱ्याशीं येतांच तिला कळून येतें कीं, आपण आधीं जिकडे तोंड करून चालत होतों त्या दिशेपासून वळावें लागतें, आणि तें वळण त्रिकोणाच्या आंतील कोनाएवढें नसतें, बाहेरच्या कोनाएवढें असतें. १८० मधून ६० वजा केले कीं १२० उरतात. ज्याला भूमितींत बाह्यकोन म्हणतात आणि जो पुष्कळ विद्यार्थ्यांना एरवीं केवळ पाठ करून ठाऊक असतो, तो तिला स्वतःच्या पावलांखालीं सांपडलेला असतो.

येथून पुढचा प्रवास मुलें बहुधा स्वतःच करतात. फसलेल्या त्या त्रिकोणाची आज्ञा तिनाऐवजीं सहा वेळां दिली, तर मधमाश्यांच्या पोळ्यांतल्यासारखा षट्कोन तयार होतो; म्हणजे चूक ही एका दुसऱ्या आकृतीची अर्धी वाट होती! चार वेळां ९०, तीन वेळां १२०, सहा वेळां ६०. तिन्हींची बेरीज ३६० येते, कारण निघाल्या ठिकाणीं निघाल्या दिशेस परतावयाचें तर एक पूर्ण फेरा व्हावाच लागतो. पांच वेळां १४४ अंश वळविलें तर पंचकोनी चांदणी उमटते, आणि बेरीज ७२० होते. मांजराचे दोन फेरे झालेले असतात. हें गणित मुलीला कोणीं शिकविलेलें नसतें. मांजराच्या मागोमाग चालतां चालतां ती तेथें पोहोंचते.

संगणकाच्या व्यवहारांत आज्ञावलींतील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात, आणि तो शोधून काढणें हा कामाचा नित्याचा भाग समजला जातो. सुपांतल्या तांदळांतून खडे निवडावे तसेंच हें आहे. खडे निघाले म्हणून कोणी तांदूळ टाकून देत नाहीं, कीं निवडणाऱ्याला दोषही देत नाहीं. आपल्या शाळांत मात्र चुकीला वेगळें स्थान मिळालें आहे. वहींत तांबडी खूण होते, गुण कापले जातात, आणि विषय तेथेंच संपतो. त्यामुळें चूक लपवावी, खोडरबरानें पुसावी, ज्यांत चुकण्याचा संभव आहे तें हातींच घेऊं नये, अशी संवय पुष्कळ हुषार मुलांनाही लागते. हें नुकसान गुणपत्रिकेंत दिसत नाहीं, पण तें जन्मभर पुरतें. ठोकळ्यांच्या खेळांत सांगकाम्या रागावत नाहीं, हंसत नाहीं आणि दयाही दाखवीत नाहीं. सांगितलेलें तेवढें करून तो स्वस्थ उभा राहतो. ‘आई, हें मांजर ऐकतच नाहीं!’ असें मूल म्हणालें, तर आईनें म्हणावें, ‘ऐकतें आहे, बाळ. तूं त्याला काय सांगितलेंस तें मोठ्यानें वाचून दाखव बघूं.’ आज्ञा एकेक करून वाचतां वाचतां अर्ध्यावरच मूल थांबतें आणि त्याला चूक आपोआप दिसते.

पांच ते सात वर्षांच्या मुलांसाठीं, म्हणजे ज्यांना अजून नीट वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं, ‘स्क्रॅच ज्युनिअर’ ही धाकटी आवृत्ति आहे. टफ्ट्स विद्यापीठांत असतांना मरीना उमाशी बर्स यांनीं रेझ्निक यांच्या मंडळाच्या सहकार्यानें ती २०१४ सालीं प्रसिद्ध केली. तींतील ठोकळ्यांवर शब्द नसतात, बाण व चित्रें असतात, आणि ते पुस्तकांतील ओळीप्रमाणें डावीकडून उजवीकडे जोडावयाचे असतात. रंगमंचावर आडवीं २० व उभीं १५ घरें आंखून घेतां येतात, म्हणून मांजर किती घरें चाललें हें मुलाला बोटानें मोजतां येतें. एका गोष्टीला चार पानेंपर्यंत देतां येतात. कावळा तहानलेला आहे, तो माठापर्यंत चार घरें चालतो, खडा टाकतो, मग पान उलटतें, इतकें मुलाला जमलें तरी क्रम, मोजणी आणि कार्यकारणभाव ह्या तिन्हींचा अभ्यास झाला.

ह्या साधनाविषयीं अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. कोडिंग शिकलें कीं मुलाची बुद्धि सर्वच विषयांत तल्लख होते, हें विधान पुराव्यानें सिद्ध झालेलें नाहीं. न्यूयॉर्कमधील बँक स्ट्रीट कॉलेजांत रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, लोगो शिकलेल्या व न शिकलेल्या मुलांना वर्गांतील नित्याच्या कामांची योजना आंखण्यास सांगितलें होतें; दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. नुसतें यंत्र समोर ठेवल्यानें विचाराची संवय लागत नाहीं. शेजारीं बसून ‘काय व्हावें असें तुला वाटलें होतें? काय झालें? फरक कोठून पडला?’ असे प्रश्न विचारणारें कोणी असावें लागतें. हें काम करण्यास त्या माणसाला संगणक यावाच लागतो असें नाहीं. आजोबांनाही तें उत्तम साधेल. त्यांना खरोखरच ठाऊक नसल्यामुळें त्यांचा प्रश्न मुलाला अधिक खरा वाटेल.

आतां तर माणसानें साध्या भाषेंत सांगितलें कीं यंत्रेंच आज्ञावल्या लिहून देऊं लागलीं आहेत. मग मुलांनीं हें शिकावें कशाला, अशी शंका रास्त आहे. केवळ पुढील नोकरीसाठीं हा उद्योग चालला असेल, तर त्याचा पाया खचला आहे, हें मान्य करावें लागेल. परंतु आपल्याला नेमकें काय हवें आहे तें क्रमानें सांगतां येणें, आणि मिळालेलें काम मागितल्याप्रमाणें आहे कीं नाहीं हें पारखतां येणें, ह्या दोन गोष्टींची गरज नवीन यंत्रांनीं वाढविलीच आहे.

घाई करण्याचेंही कारण नाहीं. भारताच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत कोडिंगचा आरंभ माध्यमिक शाळेच्या आधींच्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, करावा असें सुचविलें आहे. त्याआधीं जें करावयाचें तें खेळ म्हणूनच. स्क्रॅच व स्क्रॅच ज्युनिअर दोन्ही विनामूल्य मिळतात. पवई येथील आय. आय. टी. मुंबईनें शाळांसाठीं ‘कॉम्प्युटर मस्ती’ नांवाची पुस्तकमाला तयार केली आहे व तींत स्क्रॅचचा उपयोग केलेला आहे. तेव्हां पहिल्या पायरीसाठीं हजारों रुपयांचा वर्ग लावणें मुळींच आवश्यक नाहीं.

उलट, आरंभ तर यंत्रावांचूनही करतां येतो. वडिलांनीं डोळ्यांवर रुमाल बांधून सांगकाम्या व्हावें आणि मुलानें त्यांना दारापासून पाण्याच्या माठापर्यंत केवळ आज्ञांनीं न्यावें. ‘पुढें चला’ म्हटलें तर त्यांनीं भिंतीला टेकेपर्यंत चालत राहावें, ‘किती पावलें?’ हा प्रश्न मग मुलाला आपोआप सुचेल. नंतर आठवड्यांतून दोनतीनदां अर्धा तास यंत्रापाशीं बसावें. दोन भावंडांना एकच यंत्र द्यावें, म्हणजे एकानें सांगावें, दुसऱ्यानें जोडावें, आणि दोघांत वाद व्हावा. मुलाच्या हातांतला माउस मोठ्यांनीं घेऊं नये. आणि वेळ संपल्यावर ‘आज काय बनविलेंस?’ एवढेंच न विचारतां, ‘आज काय बिघडलें होतें, आणि तें तुला कसें सांपडलें?’ हेंही विचारावें. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मूल उत्साहानें, कांहीं न लपवितां देऊं लागलें, तर हा खेळ त्या घरांत सार्थकीं लागला असें खुशाल समजावें.